हाली, कलदार आणि सोनाराचं भिंग

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या निलंगा भागात ऐंशी पार केलेल्या माणसाच्या हातावर चांदीचा जुना रुपया ठेवला, की तो आधी विचारतो, "हाली का कलदार?" निलंगा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. हाली म्हणजे निजामाचा चालू शिक्का, कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया. 'कल' म्हणजे यंत्र. यंत्रावर पडलेला तो कलदार. गंमत अशी, की पुढे चारमिनारचा हाली रुपयाही यंत्रावरच पडू लागला, पण नाव मात्र इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिलं. सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार मिळत. शंभर कलदारांना एकशेसोळा हाली, वर दहा आणे आठ पै. हा हिशेब जुन्या माणसांना पाढ्यासारखा पाठ होता.

आता हे रुपये व्यवहारात नाहीत. ते आहेत ट्रंकेत, देवघरातल्या डब्यात, आजीच्या गळ्यातल्या माळेत. मुलीचं लग्न निघालं, बोअरला पाणी लागलं नाही, दवाखान्याचं बिल आलं, की ते बाहेर येतात. माझा धंदा शब्दांचा. पण उर्दू वाचता येणाऱ्या माणसाकडे आमच्याकडे लोक जुने दस्त, जुनी खतं आणि जुनी नाणी घेऊन येतात. "एवढं वाचून सांगा," म्हणतात. तसं वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं, की काही नाण्यांवर टांकसाळीशिवाय आणखी कुणाचा तरी हात फिरलेला असतो. कुठे आकडा बदललेला, कुठे झिजलेले केस पुन्हा कोरलेले, कुठे भोक बुजवलेलं. आज त्या हाताबद्दल बोलायचं आहे. यात नुकसान दोन माणसांचं होतं. ज्या म्हातारीचा चांगला रुपया 'दुरुस्त केलेला' ठरवून नुसत्या चांदीच्या भावानं उचलला जातो तिचं, आणि जो हौशी मास्तर पगारातले पैसे साठवून 'दुर्मिळ' नाणं घेतो आणि घरी आकडा कोरलेला निघतो त्याचं. मधला माणूस दोन्हीकडे कमावतो.

नाणं तयार कसं होतं हे एकदा समजलं, की पुढचं सगळं सोपं जातं. कठीण पोलादाचा ठसा असतो. त्यावर चित्र आणि अक्षरं उलटी आणि खोल कोरलेली असतात. दोन ठशांच्या मध्ये चांदीची कोरी चकती येते आणि वरून प्रचंड दाब बसतो. त्या क्षणी चांदी थंडच असते, पण दाबानं ती पिठाच्या गोळ्यासारखी सरकते. मधून कडेकडे पसरते आणि ठशातल्या खोबणीत चढते. तिच्या या सरकण्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेला रुपया दिव्याखाली हळूहळू फिरवला, की उजेडाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. ते या रेषांमुळे. म्हणजे नाण्यावरचं प्रत्येक अक्षर जमिनीतून उगवल्यासारखं वर आलेलं असतं. अक्षर आणि सपाट भाग यांच्यात सांधा नसतो.

कोरणीचं काम याच्या उलट आहे. कोरणी चांदी कापते, खरवडते किंवा बाजूला ढकलते. कापली तर खाच पडते, ढकलली तर शेजारी उंचवटा येतो, खरवडली तर तिथली सपाटी किंचित खाली जाते. सरकण्याच्या रेषा तिथे तुटतात. म्हणून नाणं फिरवताना उजेडाचे पट्टे सगळीकडे वाहतात आणि नेमके आकड्याच्या शेजारी अडखळतात. या तपासाला लागतं काय? सोनाराकडचं दहा पटीचं भिंग आणि एकाच बाजूनं, तिरपा येणारा उजेड. दुपारच्या उन्हात उघड्यावर काही दिसत नाही. खिडकी अर्धी लावून घ्या, किंवा टेबलावरचा दिवा आडवा धरा.

दुसरी गोष्ट झिजेची. झीज हा नाण्याचा प्रामाणिक इतिहास असतो आणि तिला एक क्रम असतो. जे सगळ्यात उंच, ते आधी झिजतं. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ पासूनचा रुपया घ्या. त्यावर राणी मुकुट घालून, भरजरी पोलकं घालून बसलेली आहे. हा रुपया वीस-तीस वर्षं हातोहात फिरला, की आधी मुकुटाच्या कडा, कानावरचे केस, गाल आणि पोलक्यावरची उंच वेलबुट्टी गुळगुळीत होते. कडेची अक्षरं त्यानंतर. आता समोर असा रुपया आला, की गाल सपाट, अक्षरं बोथट, पण केसांची बट न् बट सुटी आणि पोलक्यावरचं फूल टोकदार, तर समजावं, की राणीची वेणी कुणीतरी नंतर घातली आहे. गालावरून हात फिरवणारा काळ केसांना वळसा घालून जात नाही.

कोरलेल्या केसांची आणखी एक खूण आहे. ठशातून आलेला केस गोलसर कण्याचा असतो, दोन केसांच्या मधली खोबण मऊ असते. कोरणीनं ओढलेला केस म्हणजे मुळात एक खाच, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, तळाशी टोकदार. शिवाय हात थांबला तिथे खाचेच्या टोकाला चांदीचा बारीकसा कण अडकून राहतो. भिंगातून तो लगेच चमकतो.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक ओरखडा म्हणजे लबाडी नव्हे. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये पुजतात. पूजेच्या आदल्या दिवशी ते राखेनं, चिंचेनं, नाहीतर रांगोळीनं घासून लख्ख करायची रीत आहे. रांगोळीची भुकटी म्हणजे दगडाचा चुरा. साठ दिवाळ्या अशा घासलेल्या रुपयावर केसासारख्या हजारो रेषा असतात. पण त्या सगळ्या दिशांनी, गोल गोल, चित्रावर आणि सपाटीवर सारख्याच असतात. लबाडीचा ओरखडा एका जागी, एका कामासाठी, एका दिशेनं असतो. घासून नाण्याची संग्राहकाच्या दृष्टीनं किंमत उतरते हे खरं, आणि म्हणून ते घासू नये हेही खरं. पण ज्या घरात हे झालं त्या घरानं कुणाला फसवलेलं नाही. दुकानदार 'घासलेलं आहे' एवढ्यावरून ते 'बनावट' म्हणायला लागला, तर नाणं परत मागून घ्यावं.

याच्याच शेजारी मोटरवर फिरणाऱ्या तारेच्या ब्रशाचा प्रकार आहे. त्यानं जुनं नाणं नव्यासारखं चकचकीत दिसतं. पण ही चमक सपाट असते. नाणं फिरवलं तरी उजेडाचे आरे फिरत नाहीत, जागच्या जागी लकाकतात. ब्रशानं ढकललेली चांदी अक्षरांच्या एका बाजूला, सगळ्या अक्षरांच्या त्याच बाजूला, बारीक बांधासारखी साचते.

आता माळेतल्या नाण्यांकडे येऊ. आमच्या भागात हा विषय सगळ्यात जिवंत आहे. रुपयाला कडी झाळून त्याची माळ करायची चाल सगळीकडे होती. लमाणी बायकांच्या पोशाखात तर नाणी आजही दिसतात. कडी झाळण्यासाठी सोनार रुपयाची वरची कड तापवतो, डाग देतो. कधी सरळ भोक पाडतो. पुढे माळ मोडली, रुपये सुटे झाले, विकायला आले. कडीचा रुपया कमी भावानं जातो. म्हणून घेणारा कडी काढतो, कानशीनं ती जागा सपाट करतो आणि कडेवरचे दाते पुन्हा पाडतो. भोक असेल तर चांदीचा तुकडा बसवून बुजवतो आणि त्यावर बुजलेलं अक्षर कोरतो.

हे ओळखायला नाण्याचं तोंड पाहू नका, कड पाहा. कलदार रुपयाच्या कडेवर उभे दाते असतात, सगळे सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे. रुपया दोन बोटांत धरून भिंगाखाली पूर्ण एक फेरी फिरवा. राजाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला, जिथे कडी असायची, तिथे पाच-सात दाते उथळ, वाकडे, नाहीतर जास्तच धारदार दिसले, तर तिथे कानस फिरली आहे. भोक बुजवलेलं असेल तर उजेडात तिरपं धरल्यावर बारीक गोल रेघ दिसते. ती एका बाजूनं लपवता येते, दोन्ही बाजूंनी लपवणं फार अवघड. झाळलेल्या जागेचा रंग वेगळा असतो, कारण डागाच्या चांदीत दुसरा धातू जास्त मिसळलेला असतो. तोंडाची वाफ नाण्यावर सोडली, की क्षणभर हा फरक नजरेत येतो.

माझं मत विचाराल, तर कडी असलेला रुपया मला पूर्ण रुपयाहून जास्त आवडतो. त्याला माणसाच्या अंगाची ऊब लागलेली असते. पण बाजार माझ्या मतावर चालत नाही. तिथे प्रश्न इतकाच, की भोक होतं हे घेणाऱ्याला सांगितलं का.

यानंतरचा प्रकार सगळ्यात महागात पडणारा. साल बदलणं. पंचम जॉर्जनंतर सहाव्या जॉर्जचे रुपये आले. त्यातला १९३९ सालचा रुपया दुर्मिळ आहे, आणि त्याच्या एक वर्ष आधीचा, १९३८ सालचा, सहज मिळतो. दोघांत फरक शेवटच्या एका आकड्याचा. इंग्रजी आठचा खालचा गोल डावीकडून थोडा कापला, की नऊ होतो. लक्षात घ्या, इथे काही जोडायचं नाही, नुसतं काढायचं आहे. आणि चांदीवर काढणं सोपं, जोडणं अवघड. वजनात फरक इतका नगण्य, की तराजूला पत्ता लागत नाही.

पण १९३९ या सालातच तपासाची सोय आहे. त्यात दोन नऊ आहेत. पहिला नऊ टांकसाळीचा आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. शेवटचा नऊ त्याच्या शेजारी ठेवून पाहा. दोघे भाऊ-भाऊ दिसले पाहिजेत. डोकं तेवढंच, शेपटीचा बाक तोच, शेपटीच्या टोकाची जाडी तीच. आठमधून कोरलेल्या नऊचं डोकं बहुधा लहान असतं, कारण आठचा वरचा गोल खालच्यापेक्षा लहान असतो. शेपटी जिथून कापली तिथे ती बारीक होत गेलेली नसते, तुटलेली असते. आणि कापलेल्या जागी, आकड्याच्या डाव्या अंगाला, सपाटीवर खरवडल्याची खूण असते. ती लपवायला तिथे काळसर रंग चढवलेला असतो. एखाद्या रुपयाचा फक्त सालाभोवतीचा भाग काळा आणि बाकी नाणं उजळ असेल, तर त्या काळेपणालाच आधी विचारावं.

चाळीसच्या पुढची साखळीही ध्यानात ठेवावी. १९४० पासून रुपयातली चांदी घटवून निम्म्यावर आणली गेली. त्याआधी बारा भागांत अकरा भाग चांदी होती. नकली नाणी रोखायला त्याच वेळी कडेवर साध्या दात्यांच्या जागी मधोमध खाचेची वेगळी सुरक्षा-कड आली. म्हणजे साल १९३९ आणि कड मात्र सुरक्षेची, असा रुपया कुणी दाखवला तर आकड्याकडे बघायचीही गरज नाही.

असाच दुसरा किस्सा १९११ चा. पंचम जॉर्ज गादीवर आल्यावर पहिला रुपया निघाला, त्यावर राजाच्या झग्यावर साखळीत एक छोटा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड पडली, की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदुस्थानात, विशेषतः मुसलमानांत, नाराजी पसरली. टांकसाळीनं तो ठसा बंद केला आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड दिली. तेव्हापासून १९११ च्या रुपयाला संग्राहक 'पिग रुपी' म्हणतात. १९१२ मधला दोन खरवडून एक करायचा मोह कुणाला होणार नाही? पण साल बदललं तरी हत्ती बदलत नाही. १९११ साल आणि लांब सोंड, अशी जोडी टांकसाळीनं पाडलेली नाही. आणि कुणी सोंडही कापली, तर तो हत्ती दाण्याएवढा आहे. भिंगाखाली त्याची जखम दिसतेच.

ही पद्धत, म्हणजे संशयित आकडा सोडून त्याच्या शेजाऱ्यांची साक्ष काढायची, जगभर वापरतात. अमेरिकेतली गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथले सुरुवातीचे चांदीचे डॉलर १७९४ पासूनचे. त्यांवर मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी, भोवती तारे. आपल्याकडे राणीचे केस कोरतात तसे तिथे या देवीचे केस कोरतात, भोकं बुजवतात, झिजलेले तारे उठवतात. आणि सालांचा राजा आहे १८०४. टांकसाळीच्या वहीत १८०४ मध्ये १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे, पण ते आधीच्या सालाच्या ठशांनी पाडले गेले. '१८०४' असा आकडा असलेले डॉलर प्रत्यक्षात पाडले गेले त्यानंतर तीस वर्षांनी, १८३४ च्या सुमारास, सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांच्यासारख्यांना भेट द्यायच्या संचांसाठी. पुढे आणखी काही पाडले गेले. सगळे मिळून जेमतेम पंधरा-सोळा नमुने माहीत आहेत. त्यांतला मस्कतच्या सुलतानाचा समजला जाणारा नमुना २०२१ साली ७६ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला.

एवढ्या किमतीचा आकडा म्हटल्यावर १८०१, १८०२, १८०३ च्या डॉलरचा शेवटचा आकडा बदलून चार करणारे निघणारच. तसे बरेच निघाले. ते पकडले गेले ते आकड्यावरून कमी आणि ताऱ्यांवरून जास्त. त्या काळी प्रत्येक ठसा हातानं जुळवलेला असे. कोणता तारा कोणत्या अक्षराच्या किती जवळ, साल देवीच्या खांद्यापासून किती लांब, हे ठशागणिक वेगळं. खऱ्या १८०४ चे ठसे अभ्यासकांना पाठ आहेत. आकडा चार म्हणतो आणि तारे १८०१ च्या ठशाचे निघतात. गुन्हेगारानं नाव बदललं, पण सगळं गाव त्याला जुन्याच नावानं हाक मारतं, तसं हे.

आता आपल्या हालीकडे. इथे अडचण लिपीची आहे, आणि लबाडीला वाव मिळतो तोही लिपीमुळेच. साल फारसी अंकांत आहे, हिजरी सनाचं आहे, आणि घेणाऱ्या-विकणाऱ्या दोघांनाही ते वाचता येत नाही. म्हणून थोडं तोंडी शिकवून ठेवतो. मजकूर उजवीकडून वाचतात, पण अंक आपल्यासारखेच डावीकडून. एक म्हणजे उभा दांडा. दोन म्हणजे त्याच दांड्याला माथ्यावर उजवीकडे फुटलेला एक दात. तीन म्हणजे दोन दात. सात म्हणजे वर उघडा कोन, आठ म्हणजे तोच कोन पालथा घातलेला. नऊ म्हणजे दांड्याच्या माथ्यावर गाठ. पाच बदामासारखा. आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. यावरूनच दिसेल, की एकाचे दोन, दोनाचे तीन करायला एकेक दात पुरतो, आणि शून्य उडवायला कानशीचा एक फटका.

पण हालीवर दोन साली आहेत, आणि हीच त्याची तटबंदी. चारमिनारच्या बाजूला हिजरी सन, आणि मागच्या बाजूला, 'जुलूस' या शब्दाबरोबर, निजामाच्या राजवटीचं वर्ष. चारमिनारचा रुपया सुरू झाला मीर महबूब अली खान यांच्या काळात, १९०३-०४ च्या सुमारास. ते १८६९ मध्ये, म्हणजे हिजरी १२८५ मध्ये गादीवर आले होते. त्यांच्यानंतर मीर उस्मान अली खान १९११ मध्ये, हिजरी १३२९ मध्ये आले. हिशेब सोपा आहे. उस्मान अलींच्या नाण्यावरच्या हिजरी सनातून १३२९ वजा करा. जे येईल त्याच्या आसपासच मागचं वर्ष असलं पाहिजे. समोर १३३७ असेल तर मागे आठ-नऊ. चांद्रवर्ष आणि गादीवर बसल्याची तारीख यांच्या मेळात एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तो चालवून घ्यावा. पण समोर १३३७ आणि मागे सोळा, असं नाणं दिसलं तर एका बाजूला हात फिरला आहे. लबाडी करणारे बहुधा चारमिनारच्या बाजूला गुंग असतात, मागची बाजू विसरतात.

तिसरा साक्षीदार चारमिनारच्या कमानीत उभा आहे. नीट पाहा, मधल्या दारात एक अक्षर आहे. महबूब अलींच्या नाण्यावर मीम, उस्मान अलींच्या नाण्यावर ऐन. दोघांच्या नावाची आद्याक्षरं. मीमचं डोकं मिटलेल्या गोल गाठीसारखं, ऐन उघड्या तोंडासारखं. शिवाय उस्मान अलींच्या पहिल्या वर्षांत, १३२९-३० च्या नाण्यांवर, हे ऐन आखूड आहे, आणि लगेच पुढे ते पूर्ण झालं. आखूड ऐनवाले कमी, म्हणून त्यांना मागणी. तेव्हा कुणी 'आखूड ऐन' म्हणून जास्त पैसे मागितले, तर आधी सन वाचा आणि मग दाराच्या आतली सपाटी पाहा. खऱ्या नाण्यात अक्षराचं शेपूट मुळातच नसतं. कापलेल्या नाण्यात त्या शेपटाची सावली जमिनीवर राहते.

जाता जाता एक. चारमिनारभोवतीच्या मजकुरात ९२ असा आकडा आहे. पुष्कळ लोक त्याला साल समजतात. ते साल नाही. अरबी अक्षरांना ठरलेल्या किमती असतात, त्याला अब्जद म्हणतात. 'मुहम्मद' या नावातल्या अक्षरांची बेरीज ९२ होते: मीम ४०, हे ८, पुन्हा मीम ४०, दाल ४. या हिशेबावर उर्दू-फारसी कवी एखाद्या ओळीत इमारतीचं किंवा मृत्यूचं साल दडवून ठेवायचे. आम्हा कवींचा आणि टांकसाळीचा हा एक जुना नातेसंबंध. कडी झाळताना कडेचा मजकूर आधी बिघडतो, आणि दुरुस्त करणाऱ्याला लिपी येत नसेल तर त्यानं पुन्हा कोरलेली अक्षरं म्हणजे नुसत्या वेलांट्या असतात. नुक्ते भलतीकडे, काफची रेघ हवेत. लिपी वाचणाऱ्याला त्या एका नजरेत कळतात. एरवी उर्दू शिकून काय उपयोग, असं विचारणारे आमच्याकडे कमी नाहीत.

वजनाचं बोलायचं राहिलं. कलदार रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि तोच एक तोळा. ऐंशी रुपयांचा शेर. जुन्या दुकानांत रुपये वजन म्हणून तराजूत पडत ते यामुळेच. चारमिनारचा हाली थोडा हलका, ११.१८ ग्रॅमच्या आसपास, आणि चांदीही कमी, शेकडा ब्याऐंशीच्या जवळ. झिजेनं वजन थोडं उतरतं. पण खूप झिजलेल्या रुपयाचं वजन पुरेपूर भरलं, किंवा नव्यासारख्या दिसणाऱ्याचं बरंच कमी भरलं, तर दोन्ही वाईट. साल कोरलेलं आहे का हे मात्र तराजू सांगणार नाही. तिथे डोळाच लागतो.

डोळा तयार करायचा, तर खरी नाणी भरपूर पाहिली पाहिजेत. आपल्याला जवळचं ठिकाण हैदराबाद. सैफाबादच्या ज्या टांकसाळीत निजामाची नाणी पडली, तिच्या जुन्या इमारतीत २०२२ साली संग्रहालय उघडलं. मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय २००४ साली उघडलेलं आहे. एक तास खऱ्या अक्षरांकडे पाहिलं, की कोरलेलं अक्षर आपोआप खुपायला लागतं.

मोबाइलवर 'जुन्या रुपयाला दहा लाख' असे निरोप येतात. आधी थोडं कमिशन भरा, म्हणतात, आणि खाली रिझर्व्ह बँकेचं नाव लिहितात. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलं आहे, की ती असे व्यवहार करत नाही, त्यासाठी पैसे मागत नाही आणि कुणाला अधिकारही दिलेला नाही. जुनं घर पाडताना भिंतीत किंवा जमिनीत गाडगं सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दहा रुपयांच्या वर किंमत असली तरी. शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

आणि घरातले जे रुपये घरातच राहणार आहेत, त्यांच्यासाठी एवढंच करा. चिंच-रांगोळी बंद. नाणं कडेनं धरा, पोटावर बोट ठेवू नका. प्रत्येक रुपया वेगळ्या कागदी पाकिटात घाला. माळेतला असेल तर कडी काढायला सोनाराकडे नेऊ नका. पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवा: हाली का कलदार, साल काय, माळ कुणाची होती, कोणत्या गावाहून आली.